बॉनेटखालची घोंगडी

“दत्तोबा, भाईर ये. आधी भाईर ये, न्हायतर दुकानासकट तुला ह्या ट्रॅक्टरला बांधतो.”

माणिकतात्यांचा आवाज असा, की ते काटेवाडीत आपल्या म्हशीला हाक मारायचे आणि बारामतीच्या बाजारातल्या म्हशी माना वर करायच्या. त्या सकाळी तर ते माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडत होते. मी हातातली कात्री ठेवून बाहेर आलो. रस्त्यावर एक ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला दोर, दोराला तात्यांची पांढरी अ‍ॅम्बॅसिडर, अ‍ॅम्बॅसिडरला झेंडूच्या माळा, आणि आत मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. गाडी लग्नाला इंदापूरकडं निघाली होती, ती गाव सोडून दोन मैल गेली नाही तोच बंद पडली. वऱ्हाड पुढं निघून गेलं होतं. नवरदेवाला आईनं बजावलेलं, मांडवाच्या दारात जाईपर्यंत खाली पाय टाकायचा नाही. त्यामुळं गाडी उलटी बारामतीत ओढत आणली तरी पोरगा उतरला नव्हता.

ड्रायव्हरनं बॉनेट उचललं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला पंधरा दिवसांपूर्वी मी माझ्या हातानं जाड काळं अस्तर लावलं होतं. आता त्याच्या चिंध्या लोंबत होत्या. बाकीचं उंदरांनी खाल्लं होतं, आणि अस्तराबरोबर तोंडी लावायला वायरी खाल्ल्या होत्या. बॅटरीशेजारी लोकरीचं घरटं करून एक घूस बसली होती. घूस मांजराएवढी असते असं लोक सांगतात. ही शेळीएवढी होती, आणि खोटं कशाला सांगू, तिनं माझ्याकडं ओळख असल्यासारखं बघितलं.

“हे काय घातलंयस माझ्या गाडीत?” तात्या म्हणाले. “तुला अस्तर लाव म्हटलं हुतं, का खानावळ काढ म्हटलं हुतं?”

जमलेली माणसं हसली. समोरचा सायकलवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्याचं मला काही वाटलं नाही. पण गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, “इंदापूरला जब्बारभाईकडं न्यायला पायजे हुती,” आणि ते मात्र थेट काळजात गेलं.

कारण ती घूस त्या गाडीत आली ती उसाच्या फडातून आली असली, तरी तिला आमंत्रण माझ्या जळकेपणानं दिलं होतं.

मी बारामतीत गाड्यांचं कुशनकाम करायचो. सीटा भरणं, हूड शिवणं, दारांना आतून रेक्झिन ठोकणं. तीसेक वर्षं केलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी सांगायचो, इंजिन मेकॅनिकचं, पत्रा डेंटिंगवाल्याचा, आणि गाडीत मऊ म्हणून जे काही असेल ते सगळं दत्तोबाचं. मी भरलेल्या सीटवर एक तहसील कचेरीतला कारकून एकदा टेकला, तो थेट रजा संपवूनच उठला. असं माझं काम. पण एकच मऊ जिन्नस असा होता की जो माझा होता होता माझा राहिला नाही. बॉनेटखालचं अस्तर.

ज्यांनी कधी बॉनेट उचलून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार सांगतो. नव्वद सालानंतर आमच्याकडं अ‍ॅम्बॅसिडरमधलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायची एक लाटच आली. डिझेल परवडायचं, पण आवाज म्हणजे पिठाच्या गिरणीला चाकं लावून रस्त्यावर सोडल्यासारखा. तो आवाज दाबायला, आणि इंजिनाच्या धगीनं बॉनेटचा वरचा रंग फुगू नये म्हणून, पत्र्याला आतून जाड थर लावतात. मूळचा थर दाबलेल्या चिंध्यांचा नाहीतर काचेच्या लोकरीचा असतो. चार-पाच वर्षांत तो खचतो. मध्ये त्याचं पोट सुटतं, कडा लोंबायला लागतात, एखादा तुकडा तुटून पंख्याच्या पट्ट्यात जातो. त्याहून वाईट म्हणजे तो ऑइल आणि डिझेल पितो. असलं तेल प्यालेलं अस्तर तापलेल्या इंजिनावर पसरून गाडी पळवायची म्हणजे पेटायची वाट बघणाऱ्या चुलीसमोर पाय लांब करून बसण्यासारखं आहे.

ते काढायचं काम चिकाटीचं. पकडणारी बटणं न मोडता उपटायची, अस्तर शक्यतो अखंड खाली घ्यायचं, कारण नवं कापायला तोच खाका. मग पत्र्याला धरून राहिलेला जुना गोंद रॉकेलनं भिजवून खरवडायचा, सोड्याच्या पाण्यानं पत्रा धुवायचा, खडखडीत वाळवायचा. नवं लावताना सोल्युशन दोन्हीकडं फासायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत गप बसायचं. मगच दाबायचं. घाई केली की पहिल्या उन्हात सगळं इंजिनावर येऊन पडतं.

मला हे सगळं येत होतं. नडत होता तो माल. सीटांच्या कामातून उरलेला फोम मी बॉनेटला लावायचो, वरून रेक्झिन. दिसायला इतकं देखणं की एक मास्तर म्हणाले, दत्तोबा, सीट राहू द्या, मी इथंच झोपतो. पण डिझेल इंजिनावर फोम म्हणजे तव्यावर लोणी. महिन्याभरात वितळून थेंब थेंब गळायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, गाडी रडतीय. मी म्हणायचो, नवी आहे, रुळेल.

माझ्यापासून चार दुकानं सोडून एक डॉक्टर होते. त्यांच्या गाडीचा आवाज असा, की दुपारी जेवायला जायला त्यांनी चावी फिरवली की बाकावरचे सगळे पेशंट उठून बाहेर यायचे आणि गाडीला घेराव घालायचे. डॉक्टरांना गुपचूप पळता यावं अशी गाडी हवी होती. चार पावलांवर मी होतो. पण त्यांनी गाडी कुठं नेली, तर पन्नास किलोमीटरवर इंदापूरला, हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या जब्बारभाईकडं. गाडी परत आली ती मांजरासारखी. त्या दिवशी डॉक्टर जेवायला म्हणून गेले ते कुणाला कळलंच नाही. संध्याकाळपर्यंत सतरा माणसं बाकावर बसून होती, आणि त्यातली निम्मी बसल्या बसल्या बरी झाली.

माझ्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं, त्यावर त्या डॉक्टरांकडं औषध नव्हतं.

तुम्हीच सांगा, बारामती केवढं गाव. आमच्याकडं नसलेली एखादी वस्तू दाखवा. आणि आमच्या गाड्या रांगेनं इंदापूरला जायच्या, ते कुणाकडं, तर ज्याच्या शेडवर साधा बोर्डसुद्धा नाही त्याच्याकडं. मी बोर्डावर तीन रंगांत नाव रंगवून घेतलं होतं, खाली ‘सर्व प्रकारची मऊ कामे’ असं लिहिलं होतं. तो माणूस बोलायचासुद्धा नाही. बोलून गिऱ्हाईक जिंकणाऱ्या माणसाला न बोलता जिंकणाऱ्याचा जो राग येतो, तो सवतीलाही येत नसेल.

मी लोकांना सांगायला लागलो की जब्बारभाईच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घोड्याच्या खोगिराखालचे नमदे करायचं काम होतं, त्याच्या पणजोबांचा नमदा पाठीवर असला की घोडा चालता चालता झोपायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते सांगितलं की जिवाला बरं वाटायचं. पिढ्यांच्या विद्येपुढं माणूस हरला तर त्यात लाज नाही.

शेवटी न राहवून मी एक दिवस एसटीनं इंदापूरला गेलो आणि त्याच्या शेडसमोरच्या हॉटेलात पेपर तोंडापुढं धरून बसलो. काम बघायचं होतं. एका जीपवाल्यानं त्याला विचारलं, पेटणार न्हाय ना भाई? जब्बारभाईनं अस्तराचा एक तुकडा घेतला, काडी ओढून त्याला लावली. तुकडा जरा काळा पडला, केस जळल्यासारखा वास रस्त्याच्या अलीकडं माझ्यापर्यंत आला, आणि जाळ आपोआप विझला. जीपवाल्यानं बॉनेट उघडून दिलं. मी पेपर आणखी वर धरला. माझ्या फोमला काडी लावली असती तर इंदापूरच्या बंबाला काम मिळालं असतं.

मी अकरा चहा प्यालो. बाराव्याला हॉटेलवाला दुधाचा ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, “समोरच्या भाईंनी सांगितलंय, बारामतीच्या पाव्हण्यांना आता दूध द्या, एवढ्या च्यानं पित्त व्हईल.”

ते दूध मी प्यालो. पण पचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांची गाडी सीट उसवली म्हणून माझ्याकडं आली. मी डॉक्टरांना म्हटलं, हॉर्न जरा बसल्यासारखा वाटतोय, बॉनेट बघतो. डॉक्टर माणसांचं बघायचे, हॉर्नमधलं त्यांना कळत नव्हतं. मी बॉनेट उचललं आणि कोपऱ्यातले चार टाके उसवले. वर काळं जाड कापड. आत बोट घातलं तर हाताला खरखरीत, दाट, ओळखीचं काहीतरी लागलं. वाकून वास घेतला. बायकोच्या माहेरचा वास आला.

घोंगडी होती. जुनी, विटलेली, एका जागी रफू केलेली साधी घोंगडी. लोकर धग अडवते, आवाज गिळते, जाळ धरत नाही. आणि इंदापूर तालुक्यात घोंगड्यांना काय तोटा. माझं सासर तिथल्याच वरकुट्याचं. सासरे कोंडिबामामा. मेंढरं केव्हाच गेली होती, पण मामांच्या पडवीत खड्ड्यातला माग अजून होता आणि मामा अजून विणत होते. म्हणजे ज्या विद्येसाठी मी अकरा चहा पोटात घातले, ती माझ्या सासऱ्यांच्या पडवीत पसरलेली होती. मी टाके परत घातले आणि डॉक्टरांना सांगितलं, हॉर्न चांगला आहे.

माणिकतात्या याच सुमारास पुढं आले. त्यांच्या सात गाड्या होत्या, सगळ्या लग्नाला भाड्यानं जायच्या, आणि तुळशीचं लग्न झालं की पुढं सहा महिने त्यांना दम नसायचा. सातही गाड्यांची अस्तरं बदलायची होती. तात्या ती इंदापूरला पाठवणार हे कानावर आलं तसा मी काटेवाडी गाठली.

“तात्या, बारामतीचा माणूस बसलेला असताना?”

“तुझा फोम गळतोय म्हणं.”

“फोम सोडला. आता लोकर. जब्बारभाईसारखी. जब्बारभाईपरीस चांगली.”

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाले, “आधी तीन कर. टिकल्या तर बाकीच्या चार. न्हाय टिकल्या तर पुन्हा माझ्या दारात ‘बारामतीचा’ म्हणून यायचं न्हाय.”

सात गाड्या हातात आल्या असत्या तर सबंध सिझनभर मांडवामांडवातून माझं नाव फिरलं असतं. आणि जब्बारभाईच्या शेडसमोरून माझ्या गाड्या रोज गेल्या असत्या. खरं सांगायचं तर मला हे दुसरंच जास्त हवं होतं.

त्यासाठी नुसती बरोबरी करून भागणार नव्हतं. तो जुन्या घोंगड्या वापरतो, विटलेल्या, ठिगळाच्या. मी म्हटलं, हा दळिद्रीपणा बारामतीला शोभत नाही. मी नव्या लावणार. कोऱ्या करकरीत.

वरकुट्याला गेलो तेव्हा मामा मागावरून उठून हात धुऊन आले.

“तीन नव्या?” ते म्हणाले. “एवढ्या कशाला जी, जावयबापू?”

आता खरं सांगितलं असतं तर ते बायकोला कळलं असतं, बायकोकडून तिच्या भावाला, भावाकडून इंदापूरच्या बाजाराला आणि बाजारातून जब्बारभाईला. धंद्याचं गुपित असं फुटतं. मी म्हटलं, “घर बांधतूय मामा. वास्तुशांत हाय. पाव्हण्यांना अंथराया.”

घर सोडाच, माझ्या नावावर तेव्हा वीटसुद्धा नव्हती.

मामांचा चेहरा असा उजळला की मला भिंतीकडं बघावं लागलं. त्यांनी आतून तीन काळ्याभोर घोंगड्या आणल्या. “ह्या शेवटच्या बगा. डोळं आता धागा दावत न्हायत. ह्यांच्याम्होरं माग बंद. अंथरायच्या हायत ना, मग खळ ऱ्हाऊ द्या त्यांची. ताठ बसत्याल.”

खळ म्हणजे चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवलेली दाट लापशी. नव्या घोंगडीला ती कुंच्यानं पाजतात. वाळली की घोंगडी पत्र्यासारखी उभी राहते. मला ते फारच पसंत पडलं. जब्बारभाईचं अस्तर मऊ, लेचंपेचं. माझं कसं ताठ मानेनं उभं राहील.

“किती द्यायचं मामा?”

“जावयाकडनं घ्यायचं असतंय व्हय? वास्तुशांतीला बलवा म्हंजे झालं.”

अशा रीतीनं तीन गाड्यांना तीन घोंगड्या लागल्या. काम देखणं झालं, त्यात दुमत नाही. कातरताना कडा अशा सुटायच्या जशी सुताराची फळी. तात्यांनी गाडी चालवून बघितली, आवाज खरंच बसला होता. गाडी तापली की भाजलेल्या चिंचोक्याचा खमंग वास सुटायचा. एक वरबाप म्हणाला, ह्या गाडीत बसलं की भूक लागते. मी त्यालाही गाडीचा गुण म्हणून खपवलं. दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायला लागलो. इंदापूरकडं जाणाऱ्या ओळखीच्या ट्रकवाल्यांना सांगायचो, भाईला सांगा, आमच्याकडं नवा माल लागतो.

तात्यांच्या गाड्या काटेवाडीत उभ्या असायच्या, त्यांच्या उसाच्या कडेला. आणि नेमकी तेव्हाच ऊसतोड सुरू झाली. फड तुटला की फडातले उंदीर आणि घुशी बिऱ्हाडं घेऊन निघतात. त्यांना बाहेर पडल्या पडल्या काय सापडलं, तर इंजिनाच्या ऊबेची जागा, वर लोकरीचं छप्पर आणि त्या छपराला भाजलेल्या चिंचोक्याचं सारवण. मी उंदीर असतो तर मीसुद्धा बायकामुलांना घेऊन तिथंच राहायला गेलो असतो.

म्हणून त्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेली गाडी माझ्या दारात आली.

नवरदेवाचा मुहूर्त टळत होता. शेवटी चार जणांनी त्याला खिडकीतून टपावर आणि टपावरून ट्रॅक्टरवर चढवला. जमिनीला पाय न लावता पोरगा इंदापूरच्या रस्त्याला लागला. तो दिसेनासा झाल्यावर तात्यांचा आवाज खाली आला, आणि मला तो वरच्या आवाजापेक्षा जास्त लागला.

“बाकीच्या दोन गाड्या उघडून आलोय. त्येंच्यातबी हेच. सोमवारी दोन लग्नं हायत. तवर तिन्ही नीट करून दे. न्हायतर सातीच्या साती इंदापूरला, आन का पाठवल्या ते मी मांडवामांडवात सांगणार.”

चार दिवस होते. वायरमन वायरी जोडायला बसला आणि मी उरलेलं अस्तर खरवडायला. एवढ्यात सुमन, माझी बायको, डबा घेऊन आली. तिनं जमिनीवरची एक चिंधी उचलली. घोंगडीची कड होती. विणणाऱ्याची कड त्याच्या सहीसारखी असते, आणि सुमन तर तसल्या घोंगड्यांवर रांगून मोठी झालेली.

“ही बाबांची हाय.”

“व्हय.”

ती जरा वेळ ती चिंधी बोटांवर फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाबांचा निरोप आलाय, तारीख कुठली धरली म्हणून. आता सांगते त्यांना, वास्तुशांत झाली. उंदरांची.”

मी म्हटलं, “तू काय सांगू नगंस. मी जातो.”

वरकुट्याला गेलो ते जुन्या घोंगड्या मागायला. पण मामांनी पहिल्यांदा विचारलं ते वास्तुशांतीचंच. खुंटीवर धुऊन ठेवलेलं धोतर होतं, ते माझ्याच कार्याला राखलेलं. मग मात्र मी सगळं सांगितलं. फोम, जब्बारभाई, तात्या, घूस. घूस सांगताना शेळीएवढी म्हणायची हिंमत झाली नाही, मांजराएवढीच म्हणालो.

मामा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “गाडीला लावायच्या आधी खळ काढली का?”

“न्हाय.”

“मग उंदीर येणारच की. अन्न हाय ते.” मग त्यांनी सगळं नीट समजावून दिलं. गरम पाण्यात भिजवायची, रिठ्याच्या फेसात पायानं तुडवायची, नदीवर आपटायची, पुन्हा भिजवायची. आठ-दहा दिवस. खळ जाते, लोकर आक्रसून गच्च बसते, मग ती जाळालाही दाद देत नाही. वापरून जुन्या झालेल्या घोंगडीचं हे निम्मं काम आयतंच झालेलं असतं. “म्हणून जुनीच घ्यावी. आता गावात जुनी शोधून मिळायची न्हाय. समद्या जब्बारभाई नेतो.”

मला शिव्या हव्या होत्या. चार लाखोल्या खाल्ल्या असत्या तर हलका होऊन उठलो असतो.

“लई कापल्या का?” मामांनी विचारलं.

“तिन्ही.”

“बरं,” म्हणाले, आणि उठून मागाकडं गेले. मागावर काही चढवलेलं नव्हतं.

मग उरला एकच माणूस. इंदापूरच्या स्टँडवर उतरल्यापासून जब्बारभाईच्या शेडपर्यंतचं अंतर पाच मिनिटांचं. मला अर्धा तास लागला. मी पोचलो तेव्हा तो एका बॉनेटला सोल्युशन फासून वाळायची वाट बघत बसला होता. मी सांगायला सुरुवात केली. त्यानं हातानंच थांबवलं. तात्यांची गाडी कशी ओढत नेली ते हायवेवरच्या प्रत्येक ट्रकवाल्यानं त्याला सांगून झालं होतं.

तो आत गेला आणि धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेल्या थप्पीतून तीन घोंगड्या घेऊन आला. मग परत गेला आणि चौथी आणली. “कापताना चुकली तर असू द्या,” म्हणाला. बॉनेटवर बोट ठेवून त्यानं दाखवलं, एक्झॉस्टच्या अंगाला चार बोटं मोकळी सोडायची, आणि कापड लोकरीला शिवायचं, चिकटवायचं नाही, म्हणजे धुवायला काढता येतं. मी एवढी हेरगिरी करून जे मिळवलं नव्हतं ते त्या माणसानं सोल्युशन वाळायच्या आत सांगून टाकलं.

त्यानं नाही म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं. मी जन्मभर त्याला नावं ठेवत सुखात राहिलो असतो. आता त्याचा हेवा करायला एक नवं कारण मिळालं, आणि ते आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “भाई, तुमच्या घराण्यात खोगिराचं काम हुतं न्हवं?”

“न्हाय वो. वडलांचं पानाचं दुकान हुतं.”

पुढचा प्रश्न अगदी ओठावर आला. तो मी गिळला आणि घोंगड्या काखेत मारून एसटी पकडली.

शनिवार, रविवार हात थांबला नाही. सोमवारी सकाळी तात्या आले. त्यांनी तिन्ही बॉनेटं स्वतः उचलली, अस्तराला नाक लावून वास घेतला, नखानं ओरबाडून बघितलं. गाड्या भिगवण रस्त्यानं पळवून आणल्या. मी उभाच होतो. शेवटी तात्या म्हणाले, “ह्या तीन तुझ्याकडं ऱ्हातील. बाकीच्या चार जब्बारभाईकडं गेल्या. काल पाठवल्या.”

मला भीती होती, पण तात्या मांडवात काही बोलले नाहीत. नवरदेवच बोलला. तो भेटेल त्याला सांगायचा, की ती घूस त्याच्या मांडीवर बसून बारामतीपर्यंत आली. माझी गोष्ट माझ्यापेक्षा वाढवून सांगणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

पुढं मी बॉनेटची पुष्कळ कामं केली, सगळी धुतलेल्या घोंगडीची. मग साच्यातून काढलेली तयार अस्तरं यायला लागली, बटणं दाबली की बसली. जब्बारभाईचं काम कमी झालं आणि माझंही. त्याचं आधी कमी झालं म्हणून मी चार दिवस खूश होतो, हे लिहायला आता काही हरकत नाही. घर मी पुढं खरंच बांधलं. वास्तुशांत केली, पाहुण्यांना सतरंज्या अंथरल्या. मामा तोवर राहिले नव्हते.

पण तो गिळलेला प्रश्न मला फार दिवस ठेवता आला नाही. तात्यांचं काम संपल्यावर आठवड्याभरानं, न लागलेली चौथी घोंगडी परत द्यायची म्हणून मी इंदापूरला गेलो. जब्बारभाईनं ती घेतली, उलगडून झटकली, परत घडी घातली आणि थप्पीवर ठेवली. मी उगाच इकडचं तिकडचं बोललो. ऊस, पाणी, हायवे. मग म्हटलं, “भाई, एक सांगा. वडलांचं पानाचं दुकान, मग हे घोंगडीचं, खळीचं, धुवायचं, हे तुम्हाला शिकवलं कुणी?”

तो खाली बसून एक बटण उपटत होता. त्यानं मान वर केली नाही.

“तुमच्या सासऱ्यांनी,” तो म्हणाला. “मी इचारलं.”